नोनाची पेटी

सासरच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत. एक वरचं, बघण्याचं. दुसरं तळघरातलं, रांधण्याचं. वरच्या ओट्यावर कधी डाग पडत नाही, तिथे फार तर कॉफी होते. खरा संसार खाली. जुनाट गॅस, पंधरा माणसं सहज जेवतील असं टेबल, भिंतीभर टोमॅटोच्या रसाच्या काचेच्या बरण्या, आणि कोपऱ्यात एक लाकडी पेटी. पेटीला वरून पत्रा ठोकलेला, कडेच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या. २००४ साली लग्न होऊन मी पहिल्यांदा त्या तळघरात उतरले, तेव्हा माझ्या आजेसासूने त्या पेटीवर चादर टाकली होती आणि चादरीवर कांद्यांची टोपली ठेवली होती. मला पेटी लगेच दिसली, कारण आमच्या घरी माळ्यावर आजीची ट्रंक अशीच कशाकशाखाली दडवलेली असायची.

आजेसासूला घरातले सगळे नोना म्हणतात. इटालियनमध्ये नोना म्हणजे आजी. आमच्याकडे सातारा भागात आजेसासूला अहो-जाहो करतात, पण आम्ही दोघी बोलायचो इंग्रजीत आणि इंग्रजीत तो प्रश्नच येत नाही. आजीला मात्र आपण अगं-तुगंच करतो. तेव्हा लिहिताना मी तिला तसंच म्हणणार आहे, कुणी राग मानू नये.

मी पुण्यात शिकले, नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत गेले आणि तिथे ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. त्याचं गाव निघालं पेनसिल्व्हेनिया राज्यातलं रोझेटो. न्यूयॉर्कपासून गाडीने दीड-दोन तासांवर, डोंगराच्या उतारावर वसलेलं, दोन-चार रस्त्यांचं गाव. मुख्य रस्त्याचं नाव गॅरिबाल्डी अव्हेन्यू. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "आगं, पण ती माणसं खात्यात काय?"

त्याचं उत्तर पहिल्याच रविवारी मिळालं. नोनाने एक मोठी लाकडी फळी टेबलावर टाकली, आपल्या पोळपाटाच्या चौपट. ही फळी तिच्या आईने इटलीतून पेटीत तिरकी बसवून आणली होती. मधोमध घासून घासून तिला खळगा पडलेला. रव्याची घट्ट कणीक मळून नोनाने करंगळीएवढ्या वळ्या केल्या, त्यांचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा बोटांनी दाबून स्वतःकडे ओढायला लागली. तुकडा वळायचा, पोटात खोबण पडायची. याला कावातेल्ली म्हणतात. मीही बसले. दहा-बारा झाल्यावर तिने माझ्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "तुला कुणी शिकवलं?"

मला कुणी शिकवलं म्हणजे काय! आमच्या आळीत चैत्र-वैशाखात बायका वळवट करायला बसायच्या. गव्हले, मालत्या, नखुले. आम्हा पोरींना नखुल्यांवर बसवायच्या, कारण लहान बोटांची नखुली नाजूक होतात. दुपारभर ती सुपात वाळायची आणि रुखवतात नाही तर खिरीत जायची. फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "मग नखुलंच की ती! खिरीत घालायची सोडून टोमॅटोत घालत्यात व्हय?"

त्या दिवसापासून नोनाचं आणि माझं जमलं. पेटी मात्र उघडायला आणखी सहा वर्षं गेली.

गावाचं थोडं सांगायला हवं. इटलीच्या दक्षिणेला पुलिया प्रांतात, फॉज्जा जिल्ह्यात, रोझेटो वाल्फोर्तोरे नावाचं डोंगरी गाव आहे. जमीन थोडी आणि तीही दुसऱ्याची. १८८२ साली तिथली पहिली काही माणसं बोटीने न्यूयॉर्कला आली आणि काम शोधत पेनसिल्व्हेनियातल्या बँगर गावाजवळच्या खाणींत पोचली. या खाणी स्लेटच्या, म्हणजे आपण ज्याची शाळेची पाटी वापरायचो त्या काळ्या दगडाच्या. त्याची छपरं व्हायची, शाळांचे फळे व्हायचे. बँगरमध्ये वेल्सहून आलेल्या लोकांचा जोर होता. नावसुद्धा त्यांच्या तिकडच्या गावाचं. अनुभवी कामं त्यांची, आणि दगड उपसणं, वाहणं इटालियनांकडे. राहायलाही गावाबाहेर, वरच्या उतारावर. त्या उतारावरच हळूहळू मूळ गावाच्याच नावाचं दुसरं गाव उभं राहिलं. १८९७ साली फादर पास्क्वाले दे निस्को तिथे आले. त्यांनी लोकांना बियाणं वाटलं, परसात भाजी आणि द्राक्षवेल लावायला लावले, घरं नीट करायला आणि अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायला सांगितलं. १९१२ साली रोझेटोला स्वतःचा कारभार मिळाला. पुढे खाणींबरोबर ब्लाउज शिवायचे कारखाने आले आणि बायका तिथे कामाला लागल्या. नोनाने तिथे एकोणतीस वर्षं कॉलर शिवल्या.

या गावाचं नाव वैद्यकाच्या पुस्तकांतही आहे. साठच्या दशकात स्ट्यूअर्ट वुल्फ नावाच्या डॉक्टरांनी इथे अभ्यास केला. शेजारच्या गावांच्या मानाने इथल्या माणसांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण फारच कमी होतं. माणसं डुकराच्या चरबीत तळलेलं खात होती, विड्या ओढत होती, तरीही. कारण काढलं ते एकत्र कुटुंबांचं, एकमेकांच्या ओट्यावर बसण्याचं, गावकीचं. पुढच्या पिढीत माणसं दूरच्या घरांत पांगली तसा हा फरक मिटला म्हणतात. आमच्याकडे पाहुणा आला की ही गोष्ट त्याला ऐकवली जाते. मीही ऐकवते. पण गावकी म्हटली की तिच्यात झाकपाकही येते, हे गावात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

नोना वर्षातून दोनदा परसात मोठं काम काढायची. अंजिराचं. पुलियाच्या उन्हातलं हे झाड पेनसिल्व्हेनियाच्या बर्फात टिकत नाही. म्हणून नोव्हेंबरात त्याच्या फांद्या दोरीने आवळायच्या, एका बाजूची मुळं फावड्याने तोडायची, झाड खणलेल्या चरात आडवं करायचं आणि वर फळ्या, पोती, पालापाचोळा, माती घालून पुरून टाकायचं. एप्रिलमध्ये उकरून पुन्हा उभं करायचं. पहिल्या वर्षी मला ते बघवेना, मर्तिकासारखं वाटलं. खणायला नवरा आणि दीर, पण माती लोटताना नोना स्वतः गुडघ्यांवर बसायची आणि काहीतरी पुटपुटायची. इंग्रजी नव्हतं ते.

"काय म्हणालीस नोना?"

"काही नाही."

"इटालियन येतं तुला?"

"आईला यायचं. मला नाही."

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आमच्यात कुणालाच येत नाही. त्याला स्वतःला खाण्याच्या पदार्थांची नावं आणि चार शिव्या येतात. मला याचं नवल वाटायचं. नोनाचा जन्म १९२८ चा, याच गावातला. तिची आई १९६९ साली गेली आणि शेवटपर्यंत तिला इंग्रजी धड येत नव्हतं. मग एकेचाळीस वर्षं मायलेकी बोलत कोणत्या भाषेत होत्या?

२००७ साली मला मुलगी झाली. दोन महिन्यांची असताना ती संध्याकाळी रडायला लागली की थांबायची नाही. नोनाने पसरट ताटलीत पाणी घेतलं, करंगळी तेलात बुडवून तीन थेंब सोडले आणि ओठातल्या ओठात काही म्हटलं. थेंब गोल राहिले तर काही नाही, पसरले तर नजर लागली. याला मालोक्यो म्हणतात. थेंब पसरले. मला अगदी घरी आल्यासारखं झालं. आमच्याकडे मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात आणि ठसका नाही लागला तर दृष्ट लागली होती म्हणतात. वैद्यकाने याला काय म्हणायचं ते म्हणावं. पोर झोपली.

ते ओठातलं म्हणणं बाईकडून बाईकडेच जातं, आणि ते शिकवायचं फक्त नाताळच्या आदल्या रात्री. इतर दिवशी शिकवलं तर गुण जातो. नोनाच्या लेकीने, म्हणजे माझ्या आतेसासूबाईंनी, हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. २००९ च्या नाताळच्या आदल्या रात्री जेवणं झाली. त्या रात्री मांस नसतं, मासेच असतात, त्यात बकाला म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा हवाच. भांडी घासताना नोना म्हणाली, "खाली चल." तळघरात तिने नळ सोडून ठेवला, कुणी ऐकू नये म्हणून, आणि मला पाच-सहा ओळी तीनदा ऐकवल्या. मी तीनदा म्हणून दाखवल्या. अर्थ विचारला तर म्हणाली, "अर्थ मलाही सगळा लागत नाही. आवाज चुकवू नकोस."

लिहायचं नसतं, असं तिने बजावलं होतं. विसरायच्या भीतीने मी दुसऱ्या दिवशी चोरून लिहिलं. इंग्रजी अक्षरांत ते बसेना. देवनागरीत बसलं, जोडाक्षरांसकट. ते शब्द इथे देत नाही. पण लिहिताना माझ्या लक्षात आलं की नोना बोली विसरलेली नाही. इतका स्वच्छ उच्चार विसरलेल्या माणसाचा नसतो.

त्याच हिवाळ्यात तळघरात पाणी शिरलं आणि पेटी हलवावी लागली. हलवायची तर रिकामी करायला हवी. वर डांबराच्या गोळ्यांचा वास असलेल्या चार जाड चादरी निघाल्या, नोनाच्या आईच्या लग्नातल्या. इटलीत मुलीच्या लग्नासाठी आई वर्षानुवर्षं असं कापड जमवते, त्याला कोरेदो म्हणतात. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं भरलेली होती. चादरींच्या खाली छपराच्या स्लेटचा एक चौकोनी तुकडा होता, आणि अगदी तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा माझ्या हातात आल्याबरोबर नोनाने तो काढून घेतला. "हे नाही." मी काही बोलले नाही. स्लेटचा तुकडा तिने असाच बाजूला टाकला. तो मी वर नेला आणि गरम पातेलं ठेवायला वापरू लागले.

चादरीवरच्या अक्षरांनी मात्र मला कामाला लावलं. ती नोनाच्या वडिलांच्या आडनावाशी जुळत नव्हती. मी त्याआधी दोन वर्षं एलिस बेटाच्या नोंदींत नोनाच्या आईला शोधत होते. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या या बेटावर उतरणाऱ्या माणसांची बोटीवरची यादी जपलेली आहे. तिथे ती सापडत नव्हती, कारण मी तिला सासरच्या नावाने शोधत होते. इटलीत बाईचं नाव लग्नानंतर कागदोपत्री बदलत नाही. तिचं लग्न झालेलं असलं तरी बोटीच्या यादीत ती बापाच्याच आडनावाने चढते. आमच्याकडे आईच्या हंड्यावर माहेरचं नाव कोरलेलं आहे, ते वाचून ती कुणाची लेक ते कळतं. मला हे आधीच सुचायला हवं होतं. चादरीवरचं दुसरं अक्षर घेऊन शोधलं आणि अर्ध्या तासात ती सापडली. १९१३, बोट नेपल्सहून. वय वीस. नवरा आधीच रोझेटोला, त्याच्याकडे जायचं आहे. जवळ बारा डॉलर. वाचता येतं का, या रकान्यात नाही.

 १९१७ साली अमेरिकेने वाचता न येणाऱ्यांना दार बंद केलं. १९२४ च्या कायद्याने तर इटलीहून वर्षाला फक्त ३,८४५ माणसांना येऊ द्यायचं ठरलं. मी हे सगळं छापून नोनाला दाखवलं. तिने आईचं नाव असलेल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि कागद घडी करून एप्रनच्या खिशात घातला.

डबा उघडला २०१२ च्या शरद ऋतूत. मी, नोना आणि माझी लेक वाण्याच्या मोठ्या दुकानात गेलो होतो. लेक पाच वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. मी तिला म्हटलं, "हात सोडू नकोस गं." तिने इकडंतिकडं बघितलं आणि हळूच इंग्रजीत म्हणाली, "आई, इथे तसं नको बोलू." तसं म्हणजे मराठीत. मला हसू आलं, थोडं लागलंही. नोनाला मराठी कळत नाही, पण लेकीचं इंग्रजी तिने ऐकलं. ती सगळ्या वाटेने गाडीत गप्प होती. घरी आल्यावर कोट न काढताच तळघरात गेली आणि डबा घेऊन वर, त्या बघण्याच्या स्वयंपाकघरात आली.

डब्यात एक कापड होतं, पांढरं, लाल काठाचं, मधोमध निळा तारा. दुसऱ्या महायुद्धात ज्या घरचा मुलगा सैन्यात असेल त्या घराच्या खिडकीत हे लावत. नोनाचा थोरला भाऊ १९४२ साली अमेरिकेच्या सैन्यात होता. त्या कापडात गुंडाळून एक छोटं पुस्तक होतं. आत एका बाईचा फोटो, बोटाचा ठसा, वाकडीतिकडी सही आणि एक नंबर. नागरिकत्व: इटली.

इटलीने डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेशी युद्ध पुकारलं. त्यासरशी नागरिक न झालेले सुमारे सहा लाख इटालियन कायद्याने शत्रूदेशाचे परके ठरले. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने फोटो आणि ठसा देऊन हे पुस्तक घ्यायचं, कायम जवळ बाळगायचं. परवानगीशिवाय लांबचा प्रवास नाही. शॉर्टवेव्ह रेडिओ, कॅमेरा घरात नको. जपानी वंशाच्या लोकांचे हाल याहून कितीतरी जास्त झाले, सव्वा लाखाच्या आसपास माणसं छावण्यांत कोंडली, त्यांतले बहुतेक तर जन्माने नागरिक होते. त्यामानाने इटालियन सुटले. पण जिच्या खिडकीत मुलाचा तारा आहे तीच घरात शत्रू, अशा बऱ्याच आया होत्या.

यात एक मेख आहे. नोनाचे वडील १९२७ सालीच नागरिक झाले होते. पूर्वी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची. १९२२ च्या कायद्याने बाईचं नागरिकत्व तिचं तिचं झालं. बायकांनीच झगडून मिळवलेला चांगला कायदा, कारण त्याआधी परदेशी माणसाशी लग्न केलं की अमेरिकन बाई आपलं नागरिकत्व गमवायची. पण नोनाच्या आईला आता स्वतः अर्ज करून इंग्रजीत बोलून दाखवावं लागणार होतं. रोझेटोत तिला इंग्रजी लागायचंच नाही. चर्च, वाणी, सुईण, सगळे बोलीतलेच. म्हणून राहिलं ते राहिलं.

"मी चौदा वर्षांची होते," नोना म्हणाली. "आईबरोबर मीच गेले, तिला सांगायला कुणीतरी हवं होतं. फोटोसाठी तिला डोक्यावरचा रुमाल काढावा लागला. बाहेर परक्या माणसांसमोर तिने तो कधी काढला नव्हता. मला तिची लाज वाटली." मग थोडं थांबून म्हणाली, "येताना रस्त्यात ती रडत बोलत होती. मोठ्याने. मी तिला म्हटलं, बाहेर तोंड उघडू नकोस. आमच्यामुळे भावाला त्रास होईल."

शत्रूची भाषा बोलू नका, अशी भित्तिपत्रकं त्या काळात होतीच. नोनाने त्या दिवसापासून आईला इंग्रजीत उत्तर द्यायला सुरुवात केली, घरातसुद्धा. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, कोलंबस दिनाला, सरकारने इटालियनांवरचा तो शिक्का काढून घेतला. जेमतेम आठ महिने ते पुस्तक लागलं. "पण आई त्यानंतर बाहेर बोललीच नाही," नोना म्हणाली. "दुकानात बोट दाखवायची. मी कितीदा म्हटलं, आता बोल. ती माझ्याकडे बघायची, बस्स."

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, मुलांनाही नाही. माझ्या लेकीला जवळ घेऊन तिने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मुद्दामच बाहेर गेले.

पुस्तकातला नंबर मात्र मी वाचला होता. माझ्या ग्रीन कार्डावर जसा परकीय नोंदणी क्रमांक आहे, तसाच तो. १९४० साली सगळ्या परक्यांची नोंदणी झाली तेव्हापासूनची ही पद्धत आहे. मला आठ वर्षांत त्या नंबराचं कधी काही वाटलं नव्हतं. नागरिकत्वाचा अर्ज मी तेव्हा टाळत होते, कारण भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि मग गावाकडच्या शेतजमिनीशी नातं तुटेल असं वाटायचं. भाऊ म्हणायचा, "तू तिथं काय नांगर धरणारेस? कशाला पायजे सातबारा?" त्याचं चूक नव्हतं. नोनाच्या आईने नागरिकत्व कधीच घेतलं नाही. पन्नासच्या दशकापासून परक्यांना दर जानेवारीत सरकारला पत्ता कळवावा लागायचा. ते कार्ड मरेपर्यंत नोनानेच भरलं.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी मला आठवली. आमच्या घरी फडताळात माझ्या चुलत आजोबांचं पदक आहे, इटली स्टार. ते मराठा पलटणीत होते. आपली आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली ती तारांतोला, म्हणजे नोनाच्या आईबापांच्या पुलियातच. लहानपणी आम्ही विचारायचो, इटलीत काय बघितलं? ते म्हणायचे, "आपल्यावाणीच माणसं. डोंगर, शेळ्या, आन् बायकांच्या डोक्यावर पदर." रुमालाला ते पदर म्हणायचे. हे नोनाला सांगितलं, तेव्हा तिने मला पुन्हा सांगायला लावलं.

नोना २०१६ च्या मार्चमध्ये गेली, अंजीर अजून मातीखाली होतं. एप्रिलमध्ये आम्ही ते उभं केलं. सामानाची वाटणी झाली. फळी आतेसासूबाईंनी मागितली, ती त्यांचीच. चादरी दोन-दोन झाल्या. बिस्किटाच्या डब्याबद्दल मी सगळ्यांना बसवून सांगितलं. सासरे बराच वेळ ते पुस्तक उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "आजी आमच्याशी बोलायची नाही, तेव्हा आम्हाला वाटायचं तिला आम्ही आवडत नाही." डबा माझ्याकडे राहिला.

अमेरिकेच्या नागरिकत्व खात्यात जुन्या परक्यांचे कागद मागवता येतात. फी भरून मी नोनाच्या आईचा १९४० चा नोंदणी अर्ज मागवला. तो यायला दीड वर्ष लागलं. दोन पानं. उंची, वजन, कधी आली, कोणत्या बोटीने. व्यवसाय घरकाम. खाली बोटाचा ठसा, आणि सहीच्या जागी फुली.

फुली बघून मी डबा काढला. १९४२ च्या पुस्तकात सही आहे. वाकडी, पण पूर्ण सही, नाव आणि आडनाव. पहिलं अक्षर मोठं, पुढची एकमेकांना टेकलेली. या दोन वर्षांच्या मधे कुणीतरी तिला नाव गिरवायला शिकवलं होतं.

नोना एकदा काहीतरी म्हणाली होती, एका हिवाळ्यात आईला शाळा घेतली म्हणून. मी ते गमतीचं समजले होते. ओट्यावर स्लेटचा तो तुकडा होता, त्याच्यावर आमटीचं पातेलं. पातेलं उतरवलं, तुकडा धुतला, पुसला, खिडकीपाशी नेला. एका बाजूला खिळ्याने ओढलेल्या आडव्या रेघा होत्या, दोन-दोन, सारख्या अंतरावर. आमच्या शाळेच्या पाटीवर असायच्या तशा. इतकी वर्षं मी त्यांना ओरखडे समजत होते.